ओळीच्या मधला विराम: स्तोत्रसंगीत प्रकल्पाच्या नोंदी

१६ जून

पदव्युत्तर संगीत अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षासाठी आमच्या पाच जणांच्या गटाने आज विषय निश्चित केला. बायबलमधील स्तोत्रांना चाल कशी लावली जाते याचा अभ्यास करायचा आणि त्यातील तीन स्तोत्रे मराठीत स्वतः स्वरबद्ध करायची, असे ठरले. गटात दोघी गाणाऱ्या आहोत. एकजण हार्मोनियम वाजवतो, एकजण तबला, आणि पाचवीने लहानपणापासून पियानो शिकल्यामुळे तिला पाश्चात्य स्वरलेखन वाचता येते. दुसरी गायिका कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या ख्रिस्ती कुटुंबातली आहे. विषय तिच्यामुळेच सुचला. तिच्या घरी रात्रीच्या प्रार्थनेत स्तोत्र वाचले जाते आणि तिची आजी ते वाचता वाचता नकळत गाऊ लागते, असे तिने सांगितले होते.

नोंदी ठेवण्याचे काम माझ्याकडे आले आहे.

स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रे आहेत. हिब्रू भाषेत या ग्रंथाला ‘तेहिलीम’, म्हणजे स्तुतिगीते, म्हणतात. प्रत्यक्षात मात्र त्यात स्तुतीइतकाच आक्रोश, तक्रार, पश्चात्ताप आणि आठवणही आहे. ११७वे स्तोत्र अवघ्या दोन ओव्यांचे आहे (बायबलच्या वचनाला मराठी ख्रिस्ती लोक ‘ओवी’ म्हणतात, हे मला आजच कळले आणि फार आवडले), तर ११९व्या स्तोत्रात १७६ ओव्या असून हिब्रू वर्णमालेतील २२ अक्षरांपैकी प्रत्येकावर आठ अशी त्याची बांधणी आहे. एवढ्या पसाऱ्यातून आम्ही २३, १३० आणि १३६ ही तीन स्तोत्रे घेतली: एक शांत, एक व्याकूळ, एक सामुदायिक.

१९ जून

आजचा दिवस स्तोत्रांच्या शीर्षकांतच गेला आणि तो सार्थकी लागला. ५५ स्तोत्रांच्या माथ्यावर ‘मुख्य गवयासाठी’ अशी सूचना आहे. काही ठिकाणी तंतुवाद्यांच्या साथीचा उल्लेख आहे. ‘सेला’ हा शब्द स्तोत्रसंहितेत ७१ वेळा येतो आणि तो बहुधा वाद्यांसाठी किंवा थांबण्यासाठी दिलेला इशारा असावा, असे अभ्यासक मानतात. आसाफ हे नाव १२ स्तोत्रांवर आहे, आणि बायबलमधील इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात तोच आसाफ हेमान आणि यदूथून यांच्यासह मंदिरातील गायकवर्गाचा प्रमुख म्हणून येतो.

माझे मन अडकले ते २२व्या स्तोत्राच्या शीर्षकात. तेथे ‘पहाटेची हरिणी’ असे शब्द आहेत, आणि स्तोत्रात हरिणी कोठेही नाही. ५७, ५८, ५९ आणि ७५ या चार स्तोत्रांवर ‘नाश करू नको’ असे लिहिले आहे. ही त्या काळी लोकांच्या ओठांवर असलेल्या गाण्यांची नावे असावीत आणि नवे स्तोत्र त्या चालीवर म्हणावे एवढाच त्यांचा अर्थ असावा, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. हे वाचताच हार्मोनियमवाल्या मित्राने त्याच्या आजोबांचे जुने भजनाचे पुस्तक काढून दाखवले. प्रत्येक पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असे छापून पुढे दुसऱ्या एखाद्या पदाचा मुखडा दिलेला आहे. ज्याला तो मुखडा ठाऊक, त्याला पद गाता येते. ज्याला ठाऊक नाही, त्याच्या हाती शब्द तेवढे उरतात. स्तोत्रांचे नेमके हेच झाले आहे. शब्द राहिले, चाल गेली, आणि म्हणून दोन हजार वर्षे प्रत्येक समाजाला ती नव्याने शोधावी लागली.

२३ जून

पहिला प्रयत्न. मराठीत भक्तिगीत म्हटले की अभंग, असे मनाशी धरून आम्ही २३वे स्तोत्र मोठ्या अभंगाच्या सहा-सहा-सहा-चार अक्षरांच्या मापात बसवले. संध्याकाळपर्यंत पहिला चरण तयार झाला:

देव मेंढपाळ । माझा तो कृपाळ ।
नाही हो आबाळ । मजलागी ॥

अक्षरे जुळली, यमक जुळले, आणि तबल्यावर भजनी ठेका सुरू होताच पाचही जण डोलू लागले. आम्ही आनंदाने तो आम्हांला शिकवणाऱ्या बाईंना ऐकवला. बाईंनी तो पूर्ण ऐकला, मग बायबल मागवून मूळ ओवी मोठ्याने वाचायला सांगितली: “परमेश्वर माझा मेंढपाळ आहे; मला काही उणे पडणार नाही.” त्यांनी विचारले, “यात ‘कृपाळ’ कुठे आहे?” तो शब्द आम्ही निव्वळ यमकासाठी घातला होता. त्यांचा दुसरा प्रश्न जास्त अवघड होता. मूळ ओवीत दोन भाग आहेत. तो मेंढपाळ आहे, हा पहिला भाग. म्हणून मला उणे नाही, हा दुसरा. आणि मध्ये क्षणभर थांबून पहिला भाग मनात उतरू देण्याची जागा आहे. आमच्या अभंगात त्या दोन भागांचे साडेतीन तुकडे झाले होते आणि थांबण्याची जागा नाहीशी झाली होती.

बाई म्हणाल्या, “अभंग सुंदर आहे, पण तो तुम्ही लिहिलात. स्तोत्राला चाल लावायची असेल तर स्तोत्राचे शब्द घ्या.” त्यानंतर आम्ही नियम केला की छापील मराठी भाषांतरातील एकही अक्षर बदलायचे नाही, गाळायचे नाही, वाढवायचे नाही.

२६ जून

नियम करणे सोपे होते. आज ओवीच्या मात्रा मोजल्या. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ यात २० मात्रा होतात. ‘मला काही उणे पडणार नाही’ यात १९. अक्षरे अनुक्रमे १३ आणि १२. पुढच्या ओव्यांत हे आकडे आणखी लांब-आखूड होतात. असा मजकूर कोणत्याही एका तालाच्या आवर्तनात (ठेक्याच्या फेरीत) शब्द न मोडता बसणार नाही, हे तबल्याच्या मित्राने दोन तास प्रयत्न करून सिद्ध केले. दहा मात्रांच्या झपतालात पहिला भाग २० मात्रांमुळे दोन आवर्तनांत बसला, पण दुसऱ्या भागात एक मात्रा कमी पडली आणि ‘नाही’ शब्द विनाकारण लांबला. जिथे मूळ वाक्य ठाम आहे तिथे आमचे गाणे रेंगाळत होते.

मूळ हिब्रू स्तोत्रांतही यमक हा बांधणीचा आधार नाही. तेथे ओळ दोन भागांत विभागलेली असते आणि दुसरा भाग पहिल्याला उत्तर देतो: कधी तेच वेगळ्या शब्दांत सांगतो, कधी उलट बाजू दाखवतो, कधी एक पाऊल पुढे जातो. म्हणजे ताल अक्षरांचा नसून विचारांचा आहे. याच कारणाने लॅटिनमध्ये मठवासी साधूंनी शतकानुशतके जी स्तोत्रगायनाची पद्धत वापरली, तिच्यात ठरावीक मापाची चाल नाही. एक साचा आहे. पियानो शिकलेल्या मैत्रिणीने तो आम्हांला समजावून सांगितला. प्रारंभी दोन-तीन स्वरांची छोटी चढण, मग ओळीची जितकी अक्षरे असतील तितकी एकाच स्वरावर, अर्ध्या ओळीच्या शेवटच्या काही अक्षरांवर एक वळण, मग विराम, दुसरा भाग पुन्हा त्याच स्वरावर आणि शेवटी समाप्तीचे वळण. ओळ लांब असो वा आखूड, त्या मधल्या स्वरावर ती कितीही ताणता किंवा आवरता येते. असे आठ साचे आहेत. छापील लॅटिन पुस्तकांत ओळीच्या मधोमध एक तारांकन असते. गाणारा तेथे श्वास घेतो.

मराठी बायबलमध्ये त्या तारांकनाच्या जागी काय आहे, हे पाहताना मला ओवीतले ‘आहे’ नंतरचे विरामचिन्ह दिसले. अर्धविराम. इतके दिवस तो डोळ्यांसमोर होता.

हे सगळे आपल्याला परके नाही, हेही आज लक्षात आले. घरात श्रावणात पोथी लागते तेव्हा वाचणारा एका सुरावर ओवी धरतो, चरणाच्या शेवटी सूर वळवतो आणि चौथ्या चरणावर खाली उतरतो. जात्यावरच्या ओवीत एका ओळीत अक्षरे कमी-जास्त झाली तरी दळणारी बाई अडत नाही. चालच तेवढी लांबते. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’साठी ओवीच निवडली आणि सुमारे ११ हजार ओव्या रचल्या, त्यामागे लोकांना ते वाचता वाचता गाता यावे हा हेतू नक्कीच असणार.

३० जून

एका चुकीची नोंद. चार दिवस आम्ही १३०व्या स्तोत्राऐवजी १२९व्यावर काम करत होतो. झाले असे की लॅटिन गायनाचे जे ध्वनिमुद्रण आम्ही ऐकत होतो त्यावर ‘स्तोत्र १२९’ असे लिहिले होते आणि मी मराठी बायबलमधील १२९वे स्तोत्र उघडून त्याची फोड करत बसले. सूर खोल जाऊन याचना करतो आणि शब्द मात्र ‘तरुणपणापासून त्यांनी मला पिडले’ अशा आशयाचे, हे विसंगत वाटत होते. तरी मी त्याला चाल लावणाऱ्याचे स्वातंत्र्य समजून पाने भरली. शेवटी शाहूपुरीच्या मैत्रिणीने लॅटिनचे पहिले दोन शब्द ओळखले: ‘दे प्रोफुंदिस’, खोल स्थळांतून. ते १३०वे आहे.

ग्रीक आणि लॅटिन भाषांतरांत ९वे आणि १०वे स्तोत्र एकत्र केलेले असल्याने तेथून पुढे बहुतेक क्रमांक एकाने मागे पडतात आणि १४८व्यापासून पुन्हा जुळतात. आपले २३वे तेथे २२वे होते. रशियन संगीतकार स्ट्राविन्स्कीने १९३० साली रचलेल्या स्तोत्रांच्या सिंफनीत ३८, ३९ आणि १५० असे क्रमांक दिलेले आहेत. त्यांतील पहिली दोन आपल्याकडची ३९वी आणि ४०वी होत. यापुढे क्रमांकाऐवजी पहिले शब्द लिहायचे, असे मी वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने नोंदवले आहे.

६ जुलै

आज रविवार आणि आषाढी एकादशी एकाच दिवशी आली. गट दोन ठिकाणी गेला. मी आणि तबल्याचा मित्र नंदवाळच्या दिंडीबरोबर पुईखडीपर्यंत चालत गेलो, बाकीचे तिघे सकाळच्या उपासनेला गेले, आणि संध्याकाळी सर्वजण रंकाळ्यावर भेटलो.

दिंडीत टाळकरी समोरासमोर दोन रांगांत होते. एका रांगेने चरण उचलला की दुसरी तो झेलत होती, आणि ध्रुपद आले की दोन्ही रांगा एक होत होत्या. पुढचा माणूस काय म्हणणार हे मागच्याला माहीत नसले तरी ध्रुपद केव्हा येणार हे नेमके कळत होते, कारण चरणाच्या शेवटी सूर एका ठरलेल्या जागी येऊन थांबत होता. उपासनेला गेलेल्या तिघांनी सांगितले की तेथे पाळकांनी अर्धी ओवी वाचली आणि मंडळीने उरलेली अर्धी, आणि विशेष म्हणजे इतकी माणसे एकाच वेळी श्वास घेत होती. मठांतही दोन बाजूंना बसलेले दोन गट स्तोत्राच्या ओळी आळीपाळीने म्हणतात.

१३६वे स्तोत्र कसे गायचे ते या संध्याकाळी ठरले. त्याच्या २६ ओव्यांपैकी प्रत्येकीचा उत्तरार्ध एकच आहे: “त्याची दया सनातन आहे.” तो लिहिणाऱ्याने पुन्हा पुन्हा लिहिला, कारण तो दुसऱ्या कोणीतरी म्हणायचा होता.

९ जुलै

‘त्याची दया सनातन आहे’ याच्या मात्रा मोजल्या: नेमक्या १६. इतकेच नव्हे, तर त्या चार-चारच्या चार गटांत पडतात: ‘त्याची’, ‘दया स’, ‘नातन’, ‘आहे’. आठ मात्रांच्या भजनी ठेक्याची दोन आवर्तने एकही अक्षर न ओढता भरतात. ‘त्या’ पहिल्या समेवर (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर) येतो आणि दुसरी सम ‘सनातन’मधल्या ‘ना’वर येते. त्याआधीचा ‘स’ उंबरठ्यावर थबकल्यासारखा शेवटच्या मात्रेवर राहतो आणि पुढचा दीर्घ ‘ना’ पूर्ण वजनाने उतरतो. जो शब्द काळाच्या अखंडतेबद्दल आहे, तोच एका आवर्तनातून दुसऱ्यात वाहत जातो. भाषांतरकाराच्या मनात ताल होता असे मी म्हणत नाही. पण वहीत हे लिहिताना माझा हात थोडा थरथरत होता.

बोलताना आपण ‘सनातन्’ असा उच्चार करतो. गाताना शेवटचा ‘न’ पूर्ण म्हणायला हवा, नाहीतर मात्रा हरवते. हे सर्वांना घोटून घेण्यातच अर्धा तास गेला.

१३ जुलै

मैत्रिणीच्या घरी गेलो. आजींचे वय ८०च्या पुढे आहे आणि डोळ्यांना आता कमी दिसते, पण २३वे, ५१वे, १२१वे आणि १३६वे स्तोत्र त्यांना तोंडपाठ आहे. आधी चहा आणि भडंग, मग स्तोत्र, असा त्यांचा क्रम होता.

मी १३६व्यातील पूर्वार्ध म्हणायला घेतले. आम्ही भूप राग निवडला आहे. पाचच स्वर असल्यामुळे न शिकलेल्या माणसालाही उत्तरार्ध लगेच उचलता येतो. पूर्वार्ध ताल सोडून, तंबोऱ्यावर, गंधार (ग) धरून म्हणायचा. शेवटी ऋषभावरून (रे) षड्जावर (सा) यायचे. आणि ते वळण ऐकून तबल्याने समेवर ठेका उचलायचा, अशी आमची योजना होती. पहिल्या तीन ओव्या छान झाल्या. दहाव्या ओवीवर मी षड्जावर आले आणि आजींनी हात वर केला.

“तिथं सूर का टेकवलास गं? वाक्य संपलंय कुठं अजून?”

पुस्तक पाहिले तेव्हा त्यांचे म्हणणे उमगले. मिसर (इजिप्त) देशाच्या प्रसंगाचे वाक्य दहाव्या ओवीत सुरू होते आणि पुढच्या ओव्यांत चालत राहते. मध्ये प्रत्येक वेळी उत्तरार्ध येऊन जातो, पण वाक्य त्याच्या पलीकडे पुन्हा जोडले जाते. मी षड्जावर येऊन दर वेळी ते वाक्य संपवत होते. आजींनी स्वतः म्हणून दाखवले. त्यांना रागाचे नाव माहीत नाही. त्यांच्या गळ्यात वाक्य अपुरे असेल तर सूर वरच राहतो आणि पूर्ण झाले की खाली बसतो, आणि हे त्या जाणूनबुजून करत नाहीत. म्हणताना त्यांचा उजवा तळवा गुडघ्यावर उताणा पडलेला होता. वाक्य अपुरे असेपर्यंत तो तसाच राहत होता आणि वाक्य पुरे झाले की सावकाश पालथा होत होता. मी चार-पाच वेळा तपासून पाहिले. एकदाही चुकला नाही.

आता अडचण तबल्याची झाली. षड्जाचे वळण हाच त्याचा इशारा होता आणि तो प्रत्येक ओवीत मिळणार नसेल तर त्याने समेवर कसे यायचे? तोडगा त्यानेच काढला. स्वर कोणताही असो, पूर्वार्धाचे शेवटचे अक्षर मी दोन श्वासांच्या मध्ये मावेल इतके लांबवायचे; तो स्वराऐवजी लांबी ऐकेल.

जाण्यापूर्वी हार्मोनियमवाल्या मित्राने एक प्रश्न विचारला, जो आम्हा सर्वांच्या मनात होता. १७व्या ते २०व्या ओवीत राजांना मारल्याचे वर्णन आहे. त्यानंतर लगेच दया सनातन आहे असे कसे गायचे? आजी बराच वेळ गप्प राहिल्या, आणि मग म्हणाल्या की हे गाणे गुलामीतून सुटलेल्या लोकांचे आहे, ते त्यांच्या बाजूला उभे राहून म्हणावे. आम्ही त्या चार ओव्यांत हार्मोनियम बंद ठेवायचे ठरवले आहे. तेवढा भाग फक्त कंठ आणि तंबोरा.

१८ जुलै

दुसऱ्या मार्गावर अन्याय होऊ नये म्हणून आज त्याचा अभ्यास केला. शब्द मापात बसवून स्तोत्र गाणे ही केवळ आमची घाई नव्हती. युरोपात त्यामागे मोठा विचार होता. लॅटिन न समजणाऱ्या सामान्य माणसाने स्वतः गावे यासाठी जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १३०व्या स्तोत्राचे जर्मन गीत केले, ते १५२४ साली छापले गेले. जिनिव्हात क्लेमाँ मारो आणि थेओडोर द बेझ यांनी फ्रेंच पद्यात उतरवलेली सर्व १५० स्तोत्रे १५६२ साली चालींसह पूर्ण झाली. त्यांतील काही चाली संगीतकार लुई बूर्ज्वा यांच्या आहेत. १५५१ सालच्या आवृत्तीतील एक चाल तेथे १३४व्या स्तोत्रासाठी होती. इंग्रजांनी ती १००व्या स्तोत्राला लावली आणि आज ती जगभर त्याच नावाने ओळखली जाते. म्हणजे चाल एका स्तोत्रावरून दुसऱ्यावर जाऊ शकते. मापात बसवण्याचा फायदा हाच: एक चाल शिकली की शंभर गीते गाता येतात. तोटा आम्ही २३ जूनला स्वतः पाहिला.

आपल्याकडे १८५२ साली अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर कोल्हापुरात आले त्या काळातील मिशनऱ्यांनी पाश्चात्य चाली आणल्या आणि मराठी शब्द त्यांच्यात बसवले. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१ ते १९१९) यांनी याच्या उलट बाजूने सुरुवात केली. ख्रिस्ती भक्ती अभंग, भजन आणि कीर्तन यांतून मराठी माणसापर्यंत जावी असा त्यांचा आग्रह होता. मला त्यांच्यात आणि आमच्या पहिल्या प्रयत्नात एक मोठा फरक दिसतो. त्यांनी अभंगात स्वतःचे मन घातले. आम्ही दुसऱ्याचे वाक्य कापून घातले होते.

२४ जुलै

१३०वे स्तोत्र. आठ ओव्यांचे हे स्तोत्र १२०पासून १३४पर्यंतच्या, यरुशलेमेकडे चढून जाताना म्हणायच्या १५ गीतांपैकी एक आहे, आणि सात पश्चात्तापाच्या स्तोत्रांतही त्याची गणना होते. खोलातून सुरू होते आणि पहाटेची वाट पाहते. बाईंनी भैरव सुचवला. मंद्र (खालच्या सप्तकातल्या) पंचमावर सुरुवात केली. ‘खोल’ हा शब्द तिथे म्हणताना आवाज जेमतेम निघतो, आणि तो तसाच निघावा असे बाईंचे मत पडले.

सहाव्या ओवीत पहाटेची वाट पाहणाऱ्या पहारेकऱ्यांचे शब्द मूळ हिब्रूतच दोनदा आले आहेत. कवीने स्वतः केलेली ही एकमेव पुनरावृत्ती असल्यामुळे आम्ही या स्तोत्रात दुसरी कोणतीही ओळ दोनदा घेणार नाही. एकच ओळ पुन्हा पुन्हा आळवत ख्याल शिकलेल्या माणसाला ही मोठी शिक्षा आहे. पहिल्यांदा ते शब्द आंदोलित कोमल ऋषभावर थांबतात, दुसऱ्यांदा शुद्ध गंधारावर. एवढाच फरक, पण ऐकताना पूर्वेला किंचित उजळल्यासारखे वाटते.

सातव्या ओवीपासून बोलणारा स्वतःकडून समाजाकडे वळतो. तेथून सर्व जण गातील.

३० जुलै

अमेरिकन संगीतकार लेनर्ड बर्नस्टाइनने १९६५ साली मूळ हिब्रू शब्दांवर केलेली ‘चिचेस्टर साम्स’ ही रचना स्वरलिपी समोर ठेवून ऐकली. १००वे स्तोत्र त्याने सात मात्रांत बांधले आहे आणि १३१वे दहा मात्रांत. तबल्याचा मित्र बोटांवर मोजत होता आणि खूश झाला.

४ ऑगस्ट

पाऊस थांबत नाही. सरावाच्या खोलीवर पत्रे असल्यामुळे दोन दिवसांचे ध्वनिमुद्रण वाया गेले. दमटपणाने तबल्याची पुडी सैल पडते, गट्टे ठोकून स्वर वर आणावा तर तासाभरात पुन्हा उतरतो. मिरजेहून आणलेला तंबोरा मात्र खोलीत आणून दोन तास ठेवला की स्थिर राहतो.

आज २३वे स्तोत्र पूर्ण झाले. यात तबला नाही. पहिल्या तीन ओव्यांत परमेश्वराबद्दल ‘तो’ असे बोलले आहे. चौथ्या ओवीत, मृत्यूच्या छायेच्या दरीत शिरल्याबरोबर, ‘तो’चा ‘तू’ होतो. कुरणात असताना जो सांगण्याचा विषय होता तो अंधारात शेजारी असतो. इतक्या वेळा ऐकूनही हे मला कधी ऐकू आले नव्हते; चाल लावायला बसल्यावर आले. म्हणून यमनमध्ये पहिल्या तीन ओव्या गंधार धरून म्हणायच्या, चौथ्या आणि पाचव्या ओवीत पंचम धरायचा, आणि सहावीत जेव्हा परमेश्वराच्या घराचा उल्लेख पुन्हा तिऱ्हाइतासारखा येतो तेव्हा गंधारावर परत यायचे.

स्वरलेखनाचाही प्रश्न सुटला. भातखंडे पद्धतीत मात्रांची घरे आखावी लागतात आणि येथे मात्रा ठरलेल्या नाहीत. आम्ही ओवीच्या सुरुवातीला धरायचा स्वर एकदाच लिहितो, वळण घेणाऱ्या शेवटच्या अक्षरांखाली रेघ ओढून त्यांवर स्वर देतो, आणि अर्धविराम लाल शाईने मोठा करतो. बाकीचे शब्द जसे छापले आहेत तसेच.

१० ऑगस्ट

ध्वनिमुद्रण शेवटी आजींच्या घरी, माजघरात झाले. तेथे पत्रा नाही आणि भिंती मातीच्या आहेत. शेजारच्या सात-आठ बायका आणि दोन मुले उत्तरार्ध म्हणायला आली होती. त्यांतल्या निम्म्यांनी ते स्तोत्र पूर्वी ऐकले नव्हते. पहिल्या दोन ओव्यांनंतर त्यांना काही सांगावे लागले नाही. मी शेवटचे अक्षर लांबवले की ठेका पडत होता आणि सगळ्यांचे ‘त्याची’ एकदम समेवर येत होते.

१७व्या ओवीला हार्मोनियम थांबले. बायकांचा आवाजही आपोआप हलका झाला, तो आम्ही सांगितलेला नव्हता. २१व्या ओवीत वाक्य पुढे सरकत होते आणि मला तेथे ऋषभावर थांबायचे होते. माझी नजर आजींच्या हातावर होती. तळवा उताणाच होता. २२व्या ओवीनंतर तो पालथा झाला आणि मी षड्जावर आले.

मुद्रण ११ मिनिटे ४० सेकंदांचे झाले आहे. १४व्या ओवीत एका मुलाची खुर्ची सरकल्याचा आवाज आला आहे. तो तसाच ठेवणार आहोत. २३व्या आणि १३०व्या स्तोत्राचे मुद्रण पुढच्या रविवारी त्याच जागी.